चीक

चैत्र सरता सरता आमच्या वाईतल्या गच्च्यांवर बायकांचे राज्य सुरू होते. पापड, सांडगे, शेवया आणि कुरडया. एरवी दहा वेळा हाका मारूनही ज्या घरातले कोणी वर जात नाही, त्या घरातली माणसे आळीपाळीने कावळे हाकायला गच्चीवर बसतात. मी बालवाडीत शिकवते. माझे शिक्षण दहावीवर थांबले आणि नोकरीही चिमण्यांच्या वर्गावर थांबली. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारचे ऊन सगळे माझ्या मालकीचे असते.

यंदाच्या चैत्रात कुरडयांच्या दिवशीच माझी भाची पुण्याहून दोन दिवसांसाठी आली. लग्नाला दोन वर्षे झालेली. नवराबायको दोघेही नोकरी करणारी. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, पिळून त्याचा चीक मी रात्रभर निवत ठेवला होता. सकाळी वरचे पाणी ओतून दिले, हिंग-मिठाच्या आधणात चीक शिजवला. भाचीने सोऱ्या हातात घेण्याआधी वाटीभर चीक तूप घालून खाल्ला, लहानपणी खायची तसाच, बोटे चाटत. मग पर्समधून एक बारीकशी गोळी काढून पाण्याबरोबर घेतली.

"डोकं दुखतंय का गं?" मी विचारले.

"नाही मावशी. फॉलिक ॲसिडची गोळी आहे."

मी हातातला सोऱ्या खाली ठेवला. "अगंबाई! मग एवढ्या उन्हात गच्चीवर कशाला चढलीस?"

ती हसायला लागली. "अजून काहीच नाही गं. व्हावं असं आम्हाला वाटतंय एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीपासूनच सुरू करा."

स्थळ यायच्या आधी मांडव घालणारी माणसे मी पाहिली नव्हती. आमच्या वेळी दिवस राहिले की मग धावपळ. त्याच्या आधी करायचे काय, तर नवस! पण पोरीने मला समजावून सांगितले, आणि मग माझ्या स्वभावाप्रमाणे मी वाचनालयात जाऊन, ओळखीच्या डॉक्टरांना विचारून खातरजमा करून घेतली. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यापासून घडतो ती नलिका गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटून पुरी होते. म्हणजे पाळी चुकून आठ-पंधरा दिवस होतात न होतात, बाईला अजून "कळलं" म्हणावे की नाही असा संशय असतो, तोवर आत पायाचे काम होऊनही गेलेले असते. ती नलिका नीट मिटावी म्हणून हे जीवनसत्त्व लागते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याआधी निदान महिनाभर आणि पुढे बारा आठवडे. गोळी एवढीशी असते. पण जिचे आधीचे मूल असे सदोष जन्मले असेल, किंवा जी फिटांची औषधे घेत असेल, तिला डॉक्टर याहून पुष्कळ मोठी मात्रा देतात. तेव्हा शेजारणीची गोळी आपण घेऊ नये.

या गोळीची कुळकथा मुंबईची आहे हे कळल्यावर तर मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण १९२८ साली मुंबईत आली. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांना एक विलक्षण पंडुरोग होत असे. त्यात पुष्कळजणी दगावत. परळच्या हाफकीन संस्थेत राहून तिने त्या बायकांच्या ताटात काय पडते आणि काय पडत नाही याचा शोध घेतला. शेवटी साध्या यीस्टच्या अर्काने, पावाला लावून खातात त्या मार्माइटने, त्या बायका बऱ्या होतात असे तिने १९३१ साली छापून जगापुढे मांडले. त्या अर्कातला गुण कशाचा हे तिला ठाऊक नव्हते. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले गेले आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव पडले. बाळाच्या कण्याशी त्याचा संबंध निर्विवाद सिद्ध व्हायला मात्र १९९१ साल उजाडावे लागले. ल्यूसीबाई तोवर राहिल्या नव्हत्या; त्या १९६४ सालीच गेल्या. परळच्या चाळींतल्या ज्या बायकांनी आपले रक्त तपासायला दिले, त्यांची नावे तर कोणी लिहून ठेवलेली मला आढळली नाहीत. परंतु माझ्या गच्चीवर बसून भाचीने गिळलेल्या गोळीत त्यांचाही वाटा होता.

"पण आपण पालक, मेथी, मूग, हरभरे खातोच की," मी म्हणाले.

"खायचेच. पण शिजवताना बरंचसं उडून जातं म्हणे. आणि मावशी, खरं सांग, मी पुण्यात रोज मेथी निवडत बसेन असं वाटतं तुला?"

मला तसे मुळीच वाटत नव्हते.

गोळीबरोबर तिची एक यादीही होती. रक्ताचा गट, आणि तो आर-एच निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड. लहानपणी रुबेलाची लस टोचलेली नसेल तर ती आधी टोचून घ्यायची आणि मग निदान एक महिना थांबायचे, कारण पोटात गर्भ असताना ती देत नाहीत. दातांची दुखणी उरकून घ्यायची. जावईबापूंच्या नावावरही एक कलम होते: सिगारेट बंद. ते कलम मला फार आवडले. बायकोच्या गरोदरपणाच्या तयारीत नवऱ्याने काहीतरी सोडायचे ही कल्पना आमच्या पिढीत कोणाला सुचली नव्हती.

यादी वाचून मला माझ्या आईची यादी आठवली. ती कागदावर नव्हती. पपई नको, अननस नको, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर उभी राहू नको, ग्रहणात चिरू नको, शिवू नको, काही तोंडात घालू नको. यातले सगळेच हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कच्च्या पपईच्या चिकाबद्दल डॉक्टरही जपूनच बोलतात. पिकल्या पपईच्या फोडीने मात्र काही बिघडत नाही. ग्रहणाचे तर मी स्पष्टच सांगते: सुरी हातात धरल्याने बाळाचा ओठ फाटत नाही, पण गरोदर बाईला तासचे तास पाण्यावाचून कोंडून बसवल्याने तिचे हाल मात्र खचित होतात. आणि जुने तेवढे सगळे खुळे, असेही नाही. चरकाने गर्भिणीची परिचर्या महिन्यामहिन्याने सांगितली आहे. पहिल्या महिन्यात नुसते दूध, तेही पचेल तेवढे आणि पचेल तेव्हा. पहिल्या दिवसांत बाईवर जेवणाची सक्ती करू नये, हे त्या वैद्याला आमच्या कित्येक सासवांपेक्षा बरे कळत होते.

आषाढ संपता संपता भाची पुन्हा आली. या खेपेला तिने काही सांगण्याची गरजच पडली नाही. दारातून आत आली, आमच्या यांनी नुकतीच फोडणी दिलेल्या आमटीचा वास तिच्या नाकात गेला, आणि ती तशीच मागच्या मोरीकडे धावली. बाहेर मुसळधार पाऊस लागला होता. मी तिच्या पाठीवर हात फिरवीत उभी राहिले. तोंड धुऊन ती वळली तेव्हा डोळ्यांत पाणी होते आणि ओठांवर हसू.

"सहावा आठवडा," ती म्हणाली.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. मी कादंबऱ्या लिहिते. माझ्या चार कादंबऱ्यांत मिळून तीन बाळंतपणे आहेत. त्यांतल्या तिन्ही नायिका एका प्रकरणाच्या अखेरीस चिंच खाताना पकडल्या जातात आणि पुढच्या प्रकरणाच्या आरंभी त्यांचे डोहाळजेवण असते. मधल्या तीन महिन्यांवर मी अर्धे पानसुद्धा लिहिलेले नाही. एका वाचकभगिनीने मला एकदा विचारलेही होते, "बाई, तुमच्या नायिकांना उमासे येतच नाहीत का हो?" मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

भाचीला उमासे भरपूर येत होते. सकाळी उठताच, दात घासताना, बसमध्ये, कचेरीच्या पाकगृहात कोणी कॉफी केली तरी. डोहाळे हा शब्द संस्कृतातल्या दोहदापासून आला. दोन हृदये जिच्या ठायी ती दौहृदिनी, असे जुने वैद्य म्हणत. सुदक्षिणा राणीला माती खावीशी वाटे आणि राजा तिच्या मुखाचा मृद्गंध एकांतात घेई, असे वर्णन कालिदासाने रघुवंशात केले आहे. वाचायला फार गोड वाटते. पण आजचा डॉक्टर त्या राणीचे रक्त तपासून तिला लोहाच्या गोळ्या देईल. कारण माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे ही पुष्कळदा रक्त कमी असल्याची खूण असते. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले की ते कमीच समजतात, आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बाया त्या रेषेखाली आढळल्या. ल्यूसीबाईंचे काम अजून संपलेले नाही.

तिला जे सांगायचे ते मी सांगितले. उशाशी डब्यात लाह्या ठेव. अंथरुणातून उठण्याआधी मूठभर खा. पोट रिकामे पडू देऊ नकोस आणि एकदम भरूही नकोस. आल्याने बरे वाटते, म्हणून आलेपाकाच्या वड्या दिल्या. पाण्याचा घोटही पोटात ठरेना, लघवी कमी आणि गडद होऊ लागली, तर घरगुती उपाय करीत न बसता दवाखाना गाठायचा. रक्त दिसले किंवा पोटात जोराची कळ आली तर रात्र असो की दिवस, थांबायचे नाही. आणि उलटीवरचे औषध डॉक्टरीणबाईंना विचारल्याखेरीज दुकानातून आणायचे नाही. थॅलिडोमाइड नावाची अशीच एक निरुपद्रवी म्हणवली गेलेली गोळी युरोपात गरोदर बायकांनी सकाळच्या मळमळीवर घेतली होती. हजारो मुले हातापायांविना जन्मली, तेव्हा कोठे १९६१ च्या अखेरीस ती मागे घेतली गेली. पहिल्या तीन महिन्यांतच बाळाचे सारे अवयव आकार घेतात, म्हणून हेच महिने औषधांच्या बाबतीत सर्वांत नाजूक. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवून माता व बाल संरक्षण कार्ड घ्यायचे, हेही बजावले. खेड्यात आशाताई दारात येऊन हे करून घेतात. शहरातल्या शिकलेल्या मुलीच मागे राहतात.

सगळे ऐकून झाल्यावर तिने मला विचारले, "मावशी, आईला कधी सांगू?"

माझी ताई म्हणजे तिची आई कऱ्हाडला असते. माझ्याहून ती दहा वर्षांनी मोठी आहे. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही असा तिचा लौकिक आहे. भाची आधी माझ्याकडे आली त्याचे कारणही तेच.

"तीन महिने होऊ देत," मी म्हणाले. पाढा म्हणावा तशी म्हणाले. "तीन महिन्यांपर्यंत कोणाला सांगायचं नसतं."

"का?"

बालवाडीत मला दिवसातून पन्नास वेळा "का?" ला उत्तर द्यावे लागते, आणि मी ते देते. त्या दिवशी मात्र मला चटकन उत्तर सुचेना. दृष्ट लागते म्हणून, हे तर मला स्वतःलाच पटत नाही. मग खरे उत्तर ओठांपर्यंत आले आणि तेथेच अडले. कारण ते उत्तर असे आहे: सांगायचे नाही, म्हणजे काही वेडेवाकडे झाले तर तेही सांगावे लागत नाही.

पाऊस पडतच होता. हे शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मी उठून दार लोटले आणि बावीस-तेवीस वर्षांत जे कोणालाही सांगितले नव्हते ते त्या पोरीला सांगायला बसले.

ते २००३ साल होते. मला पहिल्यांदाच दिवस राहिले होते. सासूबाईंना आणि यांना, दोघांनाच ठाऊक. सासूबाई प्रेमळ होत्या. पण त्यांनी मला पहिल्याच दिवशी तीन महिन्यांची शपथ घातली. मी बालवाडीत नवीन होते. वर्गाच्या कपाटामागे उभी राहून मी उमासे गिळीत असे, आणि मुले प्रार्थना म्हणत असताना पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे चोरून खात असे. सुदक्षिणा राणीच ती! श्रावणात एका मंगळागौरीसाठी मी कऱ्हाडला माहेरी जाऊन आले. येताना एस.टी.त मागच्या बाकावर जागा मिळाली. रस्ता तेव्हा जागोजाग उखडलेला. दुसऱ्या दिवशी दुखायला लागले आणि संध्याकाळपर्यंत सगळे आटोपले. दहावा आठवडा होता.

घरात कोणी रडले नाही. रडायला काही झालेच नव्हते ना! सासूबाईंनी मऊ भात केला. शाळेत चिठ्ठी गेली की बाईंना ताप आला आहे. रात्री यांनी माझ्या उशाशी तांब्या भरून ठेवला आणि दिवा मालवला. ते बोलले असते तर कदाचित मीही बोलले असते. मी बोलले असते तर कदाचित तेही बोलले असते. आठ दिवसांनी शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापिकांनी विचारले, "उतरला का ताप?" मी म्हणाले, "उतरला."

पुढे कित्येक वर्षे मी मनातल्या मनात त्या एस.टी.च्या मागच्या बाकावर बसलेली होते. मी गेलेच कशाला? पुढची जागा का मागून घेतली नाही? पेन्सिली खाल्ल्या म्हणून का? हळदीकुंकवाला पपईची फोड तोंडात टाकली होती म्हणून का? २००६ साली मुलगा झाला, त्या वेळी नऊच्या नऊ महिने मी एस.टी.त पाऊल टाकले नाही. मुलगा चांगला धट्टाकट्टा झाला आणि माझा समज आणखीच पक्का झाला.

तो समज गेला तो शाळेतल्या आरोग्यतपासणीला आलेल्या एका डॉक्टरीणबाईंमुळे. मुलांची तपासणी संपल्यावर चहा पिताना मी सहज म्हणून, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट, असे विचारले. त्या म्हणाल्या, "बाई, गर्भ राहिल्याचे कळते अशा दर शंभरांत दहा ते वीस वेळा असे होते. बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांचीच मांडणी चुकलेली असते. बी रुजतानाच घडलेली चूक. धक्क्याने, वजन उचलल्याने, प्रवासाने सहसा असे होत नाही." मग कप खाली ठेवून माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या मैत्रिणीला सांगा, तिच्या हातून काही झालेले नव्हते."

दर शंभरांत दहा ते वीस. म्हणजे माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात, प्रत्येक हळदीकुंकवात, आमच्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा कोणी ना कोणी असा ताप काढून आलेली असणार. आम्ही सगळ्या एकमेकींना वाण देत होतो, तिळगूळ देत होतो आणि गप्प होतो. आजीबाईंनी तीन महिन्यांचा हिशेब बरोबर मांडला होता. धोका असतो तो त्याच दिवसांत. पण दुःख झाले तर ते ठेवायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

एक गोष्ट मात्र मी त्या डॉक्टरीणबाईंनाही सांगितली नव्हती; ती भाचीला सांगितली. दिवस पुरे होते तर फाल्गुनात बाळ झाले असते, म्हणजे २००४ च्या फेब्रुवारी-मार्चात. ती मुले जून २००७ मध्ये माझ्या वर्गात आली. पहिल्या दिवशी हजेरीपुस्तक आखताना मी जन्मतारखा लिहीत गेले आणि एका ओळीपाशी हात थांबला. मग मी ती ओळ तशीच कोरी सोडली आणि पुढच्या ओळीपासून नावे लिहिली. वर्षाच्या अखेरीस मुख्याध्यापिकांनी विचारले, "बाई, ही मधली ओळ कशी सुटली?" मी म्हणाले, "चुकून." त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला मी रागावले नाही. आज ती सगळी मुले माझ्या खांद्याच्या वर गेली आहेत. बाजारात भेटली की वाकून नमस्कार करतात, आणि मी मनातल्या मनात कोऱ्या ओळीची उंचीही मोजून घेते.

भाची कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलून आईला लावला.

"आई, मी वाईहून बोलतेय. मावशीकडे आहे. तुला काहीतरी सांगायचंय."

पलीकडे ताईचा आनंद एवढा मोठा होता की फोन कानापासून दूर धरावा लागला. रडणे, हसणे, सूचना, देवाला साखर, सगळे एका दमात. मग ताई म्हणाली, "मावशीला दे." मी फोन घेतला.

"तीन महिने का नाही थांबली गं ही?" ताईने विचारले. आवाजात तक्रार नव्हती, नवल होते.

"मीच सांगितलं तिला. तीन महिने एकटीनं काढायचे नसतात म्हणून." थोडे थांबून मी म्हणाले, "ताई, मला २००३ साली ताप आला होता ना..."

पलीकडे शांतता झाली. माझ्या ताईकडून अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

"तो ताप नव्हता, ठाऊक आहे मला," ती शेवटी म्हणाली. "मंगळागौरीला आली होतीस तेव्हाच तुझं तोंड बघून मी ओळखलं होतं. आणि नंतर गणपतीत आलीस तेव्हाही ओळखलं. वाटलं, तू होऊन सांगशील. तू काही बोलली नाहीस, मग मी कशी विचारू?"

जिच्या पोटात गोष्ट राहत नाही असे आम्ही सारे म्हणत आलो, तिने माझी गोष्ट इतकी वर्षे पोटात ठेवली होती. मी सांगेन म्हणून ती थांबली होती आणि ती विचारील म्हणून मी. पाऊण तास आम्ही दोघी फोनवर होतो. काय बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही; बरेचसे बोलणे नव्हतेच. मी फोन ठेवून बाहेर आले तेव्हा हे आरामखुर्चीवर डोळे मिटून बसले होते. वर्तमानपत्र मांडीवर उघडे, पान तेच. दार लोटलेले असले तरी भिंत पातळ आहे. मी काही बोलले नाही. ते उठले, आत गेले, आणि तांब्याभर पाणी आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. या वेळी मात्र दिवा मालवला नाही. समोर बसले, आणि म्हणाले, "त्या ओळीचं मला ठाऊक नव्हतं."

त्यानंतरचे सांगण्यासारखे थोडेच आहे. श्रावणाच्या मध्यावर एका सकाळी भाचीचा फोन आला. डोहाळा लागला होता, आणि तो साधासुधा नव्हता: कुरडयांचा चीक हवा! कुरडई नव्हे, चीक. ऊन नाही, गच्ची निसरडी झालेली, कोण श्रावणात कुरडया घालते? पण मी गहू भिजत घातले. तीन दिवस पाणी बदलले. वाटले, पिळले, रात्रभर निवत ठेवले. शेजारच्या आक्का विचारायला आल्या, "अहो, पावसात हे काय चाललंय?" पूर्वीची मी असते तर काहीतरी थाप मारली असती. या वेळी सांगून टाकले, "भाचीला दिवस राहिलेत. नववा आठवडा." आक्का क्षणभर गप्प राहिल्या. मग हळूच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "माझं पहिलं चौथ्या महिन्यात गेलं होतं हो बाई. नाव पण ठरवलं होतं मी." आक्कांना आता सत्त्याहत्तरावे चालू आहे. मी त्यांनाही वाटीभर चीक दिला.

चिकाचा डबा घेऊन मी एस.टी.ने पुण्याला गेले. मागचे बाक रिकामे होते. मुद्दाम तेथेच बसले. खंबाटकीच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा ध्यानात आले की आपण आता केवळ डबा सांभाळीत बसलो आहोत, दुसरे काही नाही.

भाद्रपदात तिचे तीन महिने भरले. ताईने आणि मी मिळून तिची चोरओटी भरली. तिसऱ्या महिन्यातली ही ओटी गुपचूप भरायची असते, म्हणून तिला चोरओटी म्हणतात. ताईने ती अशी गुपचूप भरली की जावईबापूंच्या इमारतीतल्या चारही मजल्यांवर पेढे गेले. लोहाच्या गोळ्या आता सुरू झाल्या आहेत. उमासेही पुष्कळ कमी झाले आहेत.

हे सारे लिहू का, असे मी भाचीला विचारले होते. मूल अजून हाती आलेले नाही. अशा वेळी छापून काढणे जुन्या माणसांना रुचायचे नाही. ती म्हणाली, "लिही मावशी. पुढं काय होईल ते होईल, पण एवढे महिने ते होतं, हे तर खरं ना?"

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तिला पाचवा महिना चालू असेल. भाऊबीजेला ती वाईला यायची आहे. चैत्रातल्या कुरडयांचा डबा मी अजून उघडलेला नाही. तिच्यासमोरच तळणार आहे. त्या दिवशी तिने केलेल्या कुरडया ओळखू येतात. सोऱ्या फिरवायचा सराव नसल्याने त्या वेड्यावाकड्या झाल्या आहेत. तेलात पडल्यावर मात्र त्याही फुलतात.